पाण्याखालचे पंचवीस मीटर



ज्या गृहस्थांच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला गुंफली जाते त्यांनी या गावातील दोन पिढ्यांना पोहावयास शिकविले, आणि म्हणून साहित्य, समाजकारण, अध्यात्म अशा भारदस्त विषयांच्या पंक्तीत यंदाचे एक पुष्प जलतरणाला वाहावे अशी तजवीज संयोजकांनी केली, ती मला सर्वथा उचित वाटली. विषयाची निवड मात्र त्यांनी माझ्यावर सोपविली, आणि मी निवडलेला पुरुष आपल्यापैकी बहुतेकांच्या ऐकिवातही नसेल. देनिस पांक्रातोव्ह हा व्होल्गाकाठचा रशियन जलतरणपटू. बटरफ्लाय नावाच्या अत्यंत कष्टप्रद प्रकारात त्याने १९९६ च्या अटलांटा ऑलिंपिकमध्ये १०० आणि २०० मीटर या दोन्ही शर्यती जिंकल्या, दोन्ही अंतरांचे जागतिक उच्चांक दोन वर्षांहून अधिक काळ एकट्याच्या नावावर राखले, आणि असे असूनही त्याच्या पिढीतील रशियन जलतरणपटूंपैकी जगाच्या तोंडी जे नाव राहिले ते त्याचे नसून अलेक्झांडर पोपोव्हचे होय. कर्तृत्वाची जमा आणि कीर्तीचा खर्च यांचा मेळ येथे का बसत नाही, याचा विचार करता करता मला जे उत्तर सुचले ते आज आपल्यापुढे मांडावयाचे आहे. पांक्रातोव्हने आपले सर्वोत्तम काम जेथे केले तेथे सज्ज्यात बसलेल्या प्रेक्षकाची दृष्टी पोहोचत नव्हती. लोकप्रियता ही तर सर्वस्वी दृष्टीच्या मेहेरबानीवर जगणारी वस्तू आहे.

पोहण्याच्या चार मान्य प्रकारांपैकी बटरफ्लाय हा सर्वांत धाकटा, आणि त्याची जन्मकथा सांगितल्यावाचून पुढचा मामला उलगडणार नाही. ब्रेस्टस्ट्रोक, म्हणजे आपल्याकडे विहिरीत पोहणारी मुले ज्याला बेडकासारखे पोहणे म्हणतात तो प्रकार, त्याच्या जुन्या नियमांत एवढेच नमूद होते की दोन्ही हात एकाच वेळी पुढे जावेत आणि एकाच वेळी मागे यावेत. पुढे जाताना ते पाण्याखालूनच गेले पाहिजेत असे लिहून ठेवण्याची गरज नियमकर्त्यांना भासली नव्हती, कारण ते पाण्यावरून उडवीत नेण्याची कल्पनाच त्यांच्या मनाला शिवली नव्हती. विसाव्या शतकाच्या तिसऱ्या दशकात जर्मनीच्या एरिख राडेमाखरने, आणि १९३३ च्या सुमारास अमेरिकेत हेन्री मायर्सने, ही फट हेरली आणि पाय बेडकाचे पण हात पाखराचे अशी एक संकरित पद्धत शर्यतीत उतरविली. पंचांनी नियमांचे बाड चाळले, त्यात हरकत घेण्याजोगे काही सापडेना, आणि पद्धत मान्य झाली. त्याच सुमारास आयोवा विद्यापीठातील प्रशिक्षक डेव्हिड आर्मब्रस्टर आणि त्यांचा विद्यार्थी जॅक सीग यांनी दोन्ही पाय जोडून माशाच्या शेपटीसारखे वरखाली मारण्याचा प्रयोग केला. त्या मारण्याला आज सर्वत्र डॉल्फिन किक म्हणतात. तिचा वेग पाहून ते दोघे थक्क झाले, परंतु ब्रेस्टस्ट्रोकमध्ये पाय असे मारण्याची मुभा नसल्यामुळे ही अपूर्व युक्ती जवळजवळ दोन दशके केवळ प्रात्यक्षिकापुरती उरली. इकडे हात पाण्यावरून नेणाऱ्यांची संख्या इतकी वाढली की १९४८ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये पुरुषांच्या ब्रेस्टस्ट्रोकच्या अंतिम शर्यतीत जुन्या, अस्सल पद्धतीने पोहणारा शोधून काढावा लागला असता. अखेरीस १९५२ नंतर आंतरराष्ट्रीय जलतरण संघटनेने, म्हणजे ‘फिना’ने, दोघांच्या वाटण्या करून दिल्या, ब्रेस्टस्ट्रोकला त्याचे वडिलोपार्जित वतन परत मिळाले, बटरफ्लायचे घर वेगळे झाले, डॉल्फिन किकला त्या नव्या घरात हक्काची जागा लाभली, आणि १९५६ साली मेलबर्नला अमेरिकेचा विल्यम यॉर्झिक हा बटरफ्लायचा पहिला ऑलिंपिक विजेता ठरला.

मेलबर्नमध्येच आणखी एक प्रकरण घडले, त्याचा आजच्या विषयाशी फार जवळचा संबंध आहे. जपानच्या मासारू फुरुकावाने २०० मीटर ब्रेस्टस्ट्रोकची शर्यत जिंकली, पण तिचा बराच मोठा भाग तो पाण्याच्या पृष्ठभागाखालून पोहला. डोके वर काढण्याचे श्रम जितके वाचविता येतील तितके त्याने वाचविले. नियम मोडला असे कोणी म्हणू शकत नव्हते, कारण तसा नियमच नव्हता. सुवर्णपदक त्याच्याकडे राहिले आणि पाण्याखालून लांब पल्ला गाठण्याची वहिवाट मात्र त्यानंतर बंद झाली. जलतरणाच्या इतिहासात हा क्रम पुन्हा पुन्हा दिसतो: कोणी बुद्धिमान माणूस नियमातील मोकळी जागा शोधतो, त्या जागेत उभा राहून जिंकतो, आणि मग संघटना ती जागा भिंत घालून बुजवते. पांक्रातोव्ह या परंपरेतला आहे, आणि तिचा इतका देखणा प्रतिनिधी दुसरा झाला नाही असे माझे मत आहे.

आता त्याच्या गावाविषयी. व्होल्गोग्राद हे नाव १९६१ नंतरचे. त्यापूर्वीचे स्टालिनग्राद हे नाव दुसऱ्या महायुद्धाच्या इतिहासात कोणत्या अक्षरांनी लिहिले गेले आहे ते आपणांस सांगावयास नको. १९४३ च्या फेब्रुवारीत लढाई संपली तेव्हा तेथे शहर म्हणण्यासारखे फारसे उरले नव्हते. नदीकाठी मैलोन्मैल पसरलेले हे शहर पुन्हा वसले, त्यात कारखाने उभे राहिले, आणि सोव्हिएत राज्यव्यवस्थेच्या शिरस्त्याप्रमाणे मुलांसाठी क्रीडाशाळाही निघाल्या. ४ जुलै १९७४ रोजी जन्मलेला देनिस अशाच व्यवस्थेत वाढला. व्हिक्टर आव्दियेन्को या प्रशिक्षकाने व्होल्गोग्रादमध्ये पोहणाऱ्यांचे जे घराणे उभे केले, आणि घराणे हा शब्द मी आपल्या गवयांच्या अर्थाने जाणूनबुजून वापरतो, त्यातून १९९२ साली येव्गेनी सादोव्हीने बार्सिलोनात तीन सुवर्णपदके आणली. त्या वर्षी सोव्हिएत संघ अस्तित्वात नव्हता. त्याच्या बहुतेक घटकराज्यांचे खेळाडू एका संयुक्त संघात, ऑलिंपिकच्या ध्वजाखाली उतरले होते. अठरा वर्षांचा पांक्रातोव्ह त्याच संघातून २०० मीटर बटरफ्लायच्या अंतिम शर्यतीत पोहोचला आणि सहावा आला. अमेरिकेच्या मेल स्ट्युअर्टने ती शर्यत जिंकली, आणि त्या वेळचा जागतिक उच्चांक, १ मिनिट ५५.६९ सेकंद, हाही स्ट्युअर्टचाच होता.

त्यानंतरची काही वर्षे रशियात खेळाडूंच्या दृष्टीने फार खडतर गेली. सरकारी खजिन्यातून येणारा ओघ आटला होता, आणि ज्यांना बाहेर आसरा मिळाला त्यांनी तो घेतला. पोपोव्ह आपले प्रशिक्षक गेनादी तुरेत्स्की यांच्यामागोमाग ऑस्ट्रेलियात कॅनबेराला गेला. पांक्रातोव्ह आव्दियेन्कोच्या शाळेत राहिला. या तपशिलाला मी महत्त्व देतो, कारण पुढे कीर्तीच्या वाटणीत त्याचा परिणाम दिसणार आहे. कॅनबेराहून इंग्रजी वृत्तपत्रांपर्यंतची वाट एका फोनाची. व्होल्गोग्रादहून ती किती लांबची असेल याची कल्पना आपण करावी.

बटरफ्लायचे कष्ट ज्याने अनुभवले नाहीत त्याला पुढील विवेचन कोरडे वाटेल, म्हणून दोन शब्द त्याविषयी. दोन्ही हात एकदम पाण्याबाहेर काढून पुढे फेकावयाचे, ते पाण्यात शिरताना एक लाथ आणि पाणी मागे रेटून बाहेर पडताना दुसरी लाथ मारावयाची, छाती दाबावयाची, कंबर उचलावयाची, आणि या सर्व लाटेत श्वास घेण्यासाठी तोंडाला निमिषभर सवड काढावयाची, असा हा व्यवहार आहे. लय साधली तोपर्यंत पोहणारा उडतो असे वाटते. ती सुटली की शेवटच्या वीस मीटरांत खांदे पाण्याबाहेर निघेनासे होतात, आणि तलावाच्या काठावरून पाहणाऱ्यालाही त्याची दया येते. जाता जाता सांगावयास हरकत नाही की आपल्या देशाला आशियाई क्रीडास्पर्धांत जलतरणाची जी मोजकी पदके मिळाली त्यांतील दोन याच कष्टाच्या प्रकारात आली आहेत: १९८६ साली सोलमध्ये खजान सिंग यांना २०० मीटरमध्ये रौप्य, आणि त्यानंतर चोवीस वर्षांनी, २०१० साली ग्वांगझौमध्ये, आपल्या कोल्हापूरच्या वीरधवल खाडे यांना ५० मीटरमध्ये कांस्य.

पोहणाऱ्याचा वैरी पाणी नसून पाण्याचा पृष्ठभाग आहे, ही गोष्ट सामान्य बुद्धीला उलटी वाटते, परंतु ती सिद्ध झालेली आहे. पृष्ठभागावरून वेगाने जाणारे शरीर लाट उत्पन्न करते, आणि ती लाट उत्पन्न करण्यात पोहणाऱ्याच्या शक्तीचा मोठा हिस्सा जकातीसारखा वजा होतो. नौकाशास्त्रज्ञांना ही जकात शतकाहून अधिक काळ ठाऊक आहे. तोच देह पुरेसा खोल गेला की लाट जवळजवळ उठतच नाही, आणि जकातही टळते. सूर मारल्यावर आणि भिंतीला लाथ मारून निघाल्यावर शरीराला जो वेग मिळालेला असतो तो पोहण्याच्या वेगाहून अधिक असतो. हात डोक्यापुढे ताठ ठेवून, खोल राहून, केवळ डॉल्फिन किकच्या बळावर तो टिकविता आला तर वर येण्याची घाई कशाला करावी? अडचण एकच, आणि ती जबरदस्त आहे. श्वास कोंडलेला असतो, मांड्यांना रक्त हवे असते, शरीरात कर्बवायू साठत जातो, आणि जो माणूस पाण्याखाली वीस-पंचवीस मीटर जोराने पाय मारीत आला त्याला वर आल्यावर विश्रांती नसते, तर बटरफ्लायसारखा निष्ठुर प्रकार पोहावयाचा असतो.

ही युक्ती पांक्रातोव्हची स्वतःची नव्हे, हे न्यायाने सांगितले पाहिजे. १९८८ साली सोलमध्ये अमेरिकेचा डेव्हिड बर्कॉफ उताण्या पोहण्याच्या, म्हणजे बॅकस्ट्रोकच्या, शर्यतीत पहिल्या लांबीचा फार मोठा भाग पाण्याखालून गेला आणि प्राथमिक फेरीत त्याने जागतिक उच्चांक केला; अंतिम फेरीत जपानच्या दाइची सुझुकीने तेच शस्त्र वापरून त्याला हरविले, आणि तिसऱ्या आलेल्या सोव्हिएत इगोर पोल्यान्स्कीनेही पाण्याखाली बराच पल्ला गाठला होता. फिनाने लगेच फर्मान काढले, आणि बॅकस्ट्रोकमध्ये पाण्याखालून जाण्याची हद्द प्रथम दहा मीटर व पुढे १९९१ मध्ये पंधरा मीटर अशी मुक्रर केली. बटरफ्लायला मात्र ही हद्द लागू केली नाही. का केली नाही, याचे कारण मला तर्कानेच सांगता येईल: उताणे पोहणारा वर आला की त्याला श्वास सहज मिळतो, बटरफ्लायवाल्याला वर आल्यानंतरही तो मागून घ्यावा लागतो, तेव्हा एवढ्या लांबच्या बुडीनंतर कोणी बटरफ्लाय पोहून शर्यत जिंकेल ही शक्यता नियमकर्त्यांनी जमेस धरली नसावी. फुरुकावाच्या वेळी झाले तेच पुन्हा झाले. एका दाराला कुलूप लागले आणि शेजारचे उघडे राहिले.

त्या उघड्या दारातून पांक्रातोव्ह ज्या थाटात आत शिरला तो थाट पाहण्यासारखा होता, किंबहुना न पाहण्यासारखा होता. १९९३ मध्ये शेफिल्डला तो २०० मीटरचा युरोपीय विजेता झाला. १९९४ मध्ये रोमला त्याच अंतराचा जागतिक विजेता झाला आणि १०० मीटरमध्ये तिसरा आला. १९९५ हे त्याच्या आयुष्यातील परमवैभवाचे वर्ष होय. जूनमध्ये दक्षिण फ्रान्समधील कानेत-आँ-रुसियों या समुद्रकाठच्या गावी त्याने २०० मीटर अंतर १ मिनिट ५५.२२ सेकंदांत काटून स्ट्युअर्टचा उच्चांक मोडला. ऑगस्टमध्ये व्हिएन्नाच्या युरोपीय स्पर्धेत त्याने १०० मीटर ५२.३२ सेकंदांत पार केले. या दुसऱ्या आकड्याचे मोल कळण्यासाठी आधीचा आकडा पाहिला पाहिजे: पाब्लो मोरालेसने १९८६ साली केलेला ५२.८४ सेकंदांचा उच्चांक नऊ वर्षे अभंग राहिला होता, आणि जेथे शंभरावा भाग मोजून हारजीत ठरते त्या शर्यतीत पांक्रातोव्हने एका झेपेत अर्ध्या सेकंदाहून अधिक काटछाट केली. ‘स्विमिंग वर्ल्ड’ या अमेरिकन नियतकालिकाने १९९५ आणि १९९६ अशी लागोपाठ दोन वर्षे त्याला जगातील सर्वश्रेष्ठ पुरुष जलतरणपटू ठरविले. पोहण्याच्या धंद्यातील माणसांनी त्याची किंमत ओळखली होती, हे यावरून स्पष्ट होते. तक्रार आहे ती धंद्याबाहेरच्या लोकांविषयी.

अटलांटाच्या तरणतलावावरील २२ जुलै १९९६ ची संध्याकाळ या दृष्टीने मोठी बोधप्रद आहे. त्या एकाच संध्याकाळी रशियाला दोन सुवर्णपदके मिळाली. १०० मीटर फ्रीस्टाइलमध्ये पोपोव्हने यजमान देशाच्या गॅरी हॉलला हरविले; ४८.७४ विरुद्ध ४८.८१, म्हणजे सेकंदाच्या शतांश सात भागांचे अंतर. दोघेही पृष्ठभागावर, दोघेही नजरेच्या टप्प्यात, प्रत्येक हात मोजता येत होता, आणि १९२४ व १९२८ च्या वाइसम्युलरनंतर या शर्यतीचे पद राखणारा हा पहिलाच पुरुष. त्याच संध्याकाळी पांक्रातोव्हने २०० मीटर बटरफ्लाय १ मिनिट ५६.५१ सेकंदांत जिंकली, आणि दुसरा आलेला अमेरिकेचा टॉम मॅल्चाव त्याच्या जवळजवळ एक सेकंद मागे होता. पहिली शर्यत चुरशीची म्हणून संस्मरणीय ठरली. दुसऱ्या शर्यतीत चुरस नव्हती, म्हणून ती विस्मरणीय ठरली. श्रेष्ठत्व जितके निर्विवाद तितके ते प्रेक्षकाला कमी रंजक, हा खेळाच्या जगातील एक चमत्कारिक अन्याय आहे.

दोन दिवसांनी, २४ जुलैला, १०० मीटरची शर्यत झाली. आठ जणांनी सूर मारला आणि थोड्या वेळाने सात जण वर आले. आठवा नाहीसा होता. सज्ज्यातील प्रेक्षकांना पाण्यावर सात माणसे हातांची पाखे फडकवीत धडपडताना दिसत होती, आणि एका मार्गिकेत नुसते निळे पाणी. मग तलावाच्या साधारण निम्म्यावर, सुमारे पंचवीस मीटरांच्या खुणेशी, पांक्रातोव्ह वर आला तो इतरांच्या पुढे. वृत्तपत्रांनी त्याला पाणबुडीची उपमा दिली ती यामुळेच. भिंतीला लाथ मारून परत निघाल्यावरही तो पुन्हा दीर्घकाळ खाली राहिला, आणि शेवटी ५२.२७ सेकंदांत, आपलाच उच्चांक शतांश पाच भागांनी मोडून, त्याने ऑस्ट्रेलियाच्या स्कॉट मिलरला मागे टाकले; तिसरा आला तोही रशियनच, व्लादिस्लाव कुलिकोव्ह. एकाच ऑलिंपिकमध्ये बटरफ्लायच्या दोन्ही वैयक्तिक शर्यती जिंकणारा पुरुष त्यापूर्वी एकच झाला होता, १९७२ चा मार्क स्पिट्झ. आणि त्यानंतरही एकच झाला, मायकेल फेल्प्स, ज्याने २००४ आणि २००८ असे दोनदा ते साधले. अर्ध्या शतकाहून अधिक काळात तीन माणसे, आणि त्यांतील मधला मनुष्य लोकांना ठाऊक नाही. मेडले रिलेत पोपोव्हच्या जोडीने मिळविलेले रौप्यपदक वेगळेच.

असे का व्हावे? मघाशी मी दृष्टीचा उल्लेख केला. मुष्टियोद्ध्याचा ठोसा, धावपटूची शेवटची झेप, गोलरक्षकाची उडी, ही कृत्ये प्रेक्षक आपल्या देहात अनुभवतो, आणि त्या अनुभवाच्या उपकारातून कर्त्यावर प्रेम करू लागतो. पांक्रातोव्हच्या बाबतीत प्रेक्षकाच्या वाट्याला फक्त निष्पत्ती येत होती, कृती येत नव्हती. दूरचित्रवाणीने पाण्याखाली कॅमेरे उतरविले होते हे खरे, आणि घरी बसलेल्या काही भाग्यवंतांनी त्या लांबलचक देहाची ती लवलवती गती पाहिली. परंतु क्रीडांगणावरील लोकप्रियतेची ठिणगी सज्ज्यात पडते आणि मग घरोघर पोहोचते, उलट क्रमाने ती क्वचितच पेटते. शिवाय कीर्तीला कथा लागते. अटलांटानंतर थोड्याच आठवड्यांत मॉस्कोत कलिंगड विकणाऱ्यांशी झालेल्या बाचाबाचीत पोपोव्हला सुऱ्याचा गंभीर वार झाला, त्याच्यावर शस्त्रक्रिया झाली, आणि वर्षाच्या आत तो युरोपीय विजेता म्हणून पुन्हा उभा राहिला. अशी कथा जगभरच्या वृत्तपत्रांनी उचलून धरली यात नवल नाही, आणि पोपोव्ह त्या कीर्तीला सर्वथा पात्र होता. पांक्रातोव्हजवळ सांगण्यासारखी कथा एवढीच की तो पाण्याखाली इतरांपेक्षा अधिक वेळ राहत असे.

त्या कथेचा उत्तरार्ध फिनाने लिहिला. १९९८ साली बटरफ्लायलाही पंधरा मीटरची हद्द लागू झाली. सूर मारल्यावर आणि प्रत्येक वळणानंतर पंधरा मीटरांच्या खुणेपर्यंत पोहणाऱ्याचे डोके पाण्याबाहेर आलेच पाहिजे असा जाबता झाला, आणि मार्गिकांच्या दोरांवर त्या अंतराची रंगीत खूण सर्वांच्या नजरेत आली. समर्थनार्थ दोन कारणे देता येतात. श्वास कोंडून राहण्याच्या स्पर्धेत कोवळ्या मुलांना पाण्याखाली मूर्च्छा येण्याचा धोका असतो, हे पहिले. बटरफ्लायची शर्यत बटरफ्लाय पोहूनच जिंकली जावी, हे दुसरे. पहिले कारण मला सबळ वाटते. दुसरे ऐकताना मात्र हसू आवरत नाही, कारण जो प्रकार स्वतःच ब्रेस्टस्ट्रोकच्या नियमांतील फटीतून जन्मला त्याने शुचितेचा आग्रह धरावा, यात सासूच्या तक्रारी करून पुढे स्वतः सासू झालेल्या सुनेचा सूर लागतो. तरीही निर्णयास माझा विरोध नाही. हद्द नसती तर आजची १०० मीटर शर्यत बहुधा पाण्याखालची शर्यत झाली असती, आणि ती पाहावयास तिकीट काढून कोण आले असते?

आता एका प्रचलित समजुतीचा समाचार घेणे भाग आहे. पाण्याखालचे राज्य कायद्याने हिरावून घेतले आणि त्यामुळे पांक्रातोव्ह संपला, अशी कथा पोहणाऱ्यांच्या वर्तुळात मोठ्या हळहळीने सांगितली जाते. तारखा पाहिल्या की ती टिकत नाही. त्याचा १०० मीटरचा उच्चांक ऑस्ट्रेलियाच्या मायकेल क्लिमने ऑक्टोबर १९९७ मध्ये, ५२.१५ सेकंदांत मोडला, आणि तेव्हा नवा नियम यावयाचा होता. म्हणजे दार उघडे असतानाच दुसऱ्याने बाजी मारली होती. २०० मीटरचे प्रकरण तर याहून बोलके आहे. चार लांब्यांच्या त्या शर्यतीत प्रत्येक वेळी वीस-पंचवीस मीटर बुडी मारणे मानवी फुफ्फुसांना परवडणारे नव्हते, त्यामुळे तेथे पांक्रातोव्हला बहुतांश अंतर इतरांसारखे पृष्ठभागावरच पोहावे लागे. आणि तेथील त्याचा उच्चांक नियम बदलल्यानंतरही टिकून राहिला. जून २००० मध्ये मॅल्चावने १ मिनिट ५५.१८ सेकंद नोंदविले तेव्हा तो गेला, आणि तोही शतांश चार भागांनी. जो मनुष्य केवळ नियमाच्या फटीमुळे मोठा झाला असे म्हणतात, त्याचे अधिक चिवट ठरलेले काम फटीच्या आधारावाचून झालेले होते. मला वाटते, या समजुतीने त्याचे दुहेरी नुकसान केले. वर पाहता ती सहानुभूती दाखविते, आणि आतून असे सुचविते की तो मूळचा पोहणारा नव्हता, युक्तीबाज होता.

मग तो मागे का पडला? वय अवघे तेविसाचे होते, हे खरे. परंतु ज्या शरीराने चार वर्षे ताण सोसला आणि ज्या मनाने मिळवावयाचे ते सर्व मिळविले, त्याच्याकडून पुन्हा तीच भूक मागणे हा पाहणाऱ्यांचा लोभ असतो. २००० च्या सिडनी ऑलिंपिकमध्ये तो २०० मीटरच्या अंतिम शर्यतीत होता आणि सातवा आला. मॅल्चाव पहिला, पाचवा आला बाल्टिमोरचा पंधरा वर्षांचा एक मुलगा, ज्याला त्या वेळी फारसे कोणी ओळखत नव्हते. पुढील मार्चमध्ये त्याच मुलाने, म्हणजे मायकेल फेल्प्सने, २०० मीटरचा जागतिक उच्चांक १ मिनिट ५४.९२ सेकंदांवर आणला. एकाच तलावात, त्याच दोन मिनिटांत, बटरफ्लायची दोन युगे पोहत होती, आणि काठावरच्या कोणालाही ते कळण्याचे कारण नव्हते.

वारसा कोणाकडे गेला याची नोंद उच्चांकांच्या यादीत मिळणार नाही. ती आज जगातील कोणत्याही गंभीर तरणतलावावर सकाळी जाऊन पाहावी. जी मुले भिंतीपासून पंधरा मीटरपर्यंत पुन्हा पुन्हा डॉल्फिन किकचा सराव करताना दिसतात, आणि ज्यांचे प्रशिक्षक पाण्याखालच्या या गतीला पोहण्याचा पाचवा प्रकार म्हणतात, त्यांना तो पल्ला गाठावयास लावणाऱ्या पूर्वसूरींत पांक्रातोव्हचा वाटा मोठा आहे. फिनाने पंधरा मीटरांची हद्द घातली खरी, पण त्याच वेळी पंधरा मीटरांची सनदही दिली, आणि ज्यांनी ती पुरेपूर वापरली तेच पुढे जिंकत गेले. १०० मीटरचा उच्चांक आता ४९.४५ सेकंद आहे. अमेरिकेच्या केलेब ड्रेसलने तो टोकियोत केला, आणि त्या शर्यतीचा पाण्याखालचा भाग जरूर पाहावा, कारण आता तो सर्वांना दाखविला जातो.

राहता राहिला न्यायाचा प्रश्न. फिनाने नियम बदलला तो पुढच्यांसाठी; पांक्रातोव्हच्या नावावरील काळ रद्दबातल केले नाहीत, त्यांच्यापुढे काही शेराही मारला नाही. फुरुकावाच्या वेळी जे केले तेच केले. २००४ साली फ्लोरिडातील आंतरराष्ट्रीय जलतरण कीर्तिमंदिरात त्याचा समावेश झाला. नियम मोडून जिंकणे आणि नियम जेथे मूक आहे तेथे जिंकणे या दोन गोष्टींत फरक करण्याइतकी विवेकबुद्धी एका क्रीडासंघटनेने दाखविली, ही गोष्ट मी तिच्या जमाखर्चात जमेच्या बाजूला मांडतो.